खळ्यावरचे लग्न आणि संघाचे गोदाम

तुळशीचे लग्न लागले म्हणजे आपल्या भागात माणसांच्या लग्नांची बोलणी सुरू होतात. गेल्या दोन हंगामांत आमच्या संघाच्या काही सभासदांनी एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत आम्हांस विचारला आहे. मुलीचे लग्न शहरातील मंगल कार्यालयात न करता आपल्या आखाड्यावर, हळदीच्या शेडमध्ये केले तर कसे? आणि ज्यांच्याजवळ शेड नाही, त्यांस संघाचे गोदाम त्या दिवसापुरते मिळेल काय? वरवर पाहता हा जागेचा प्रश्न आहे. परंतु थोडे खोल गेले म्हणजे तो शेतीच्या भांडवलाचा, मालाच्या सुरक्षिततेचा आणि पाहुण्यांच्या जिवाचाही प्रश्न आहे असे दिसून येते. म्हणून त्याचे उत्तर एकेकास तोंडी न देता या अंकी सर्वांपुढे मांडावे, असे आम्ही ठरविले.

आमच्या आजोबांच्या पिढीस हा प्रश्न पडलाच नसता. मांडव दारात पडे. दार अपुरे असले तर गावालगतचे खळे त्या कामी येई. ज्वारीची मळणी उरकली, तिवडा उपटला आणि शेणाने पुन्हा एकदा सारवले की खळ्यासारखी टणक, स्वच्छ आणि सपाट जागा दुसरी नसे. आंबा, जांभूळ, उंबर यांचे डहाळे भावकी आणी, पाणी शेजार भरी, पत्रावळी गावातच लावल्या जात. नांगरटीस जशी इर्जिक, तशीच लग्नासही इर्जिक होती. आज तुमच्या दारी आम्ही राबतो, उद्या आमच्या दारी तुम्ही राबावे, हा तिचा साधा कायदा. तो काळ सोन्याचा होता असे म्हणण्याचा आमचा हेतू नाही. त्याच मांडवात नकळत्या वयाच्या मुलांची लग्ने लागत, पंगती जातवार बसत, आणि चार-चार दिवस जेवणावळी उठवून कुळे सावकाराच्या वहीत कायमची जाऊन पडत. जे टाकले ते टाकण्याजोगेच होते. मात्र त्याबरोबर जे गमावले त्याचाही हिशेब ठेवणे प्राप्त आहे.

खळे का गेले हे वाचकांस सांगणे नको. मळणीयंत्र आले, मागून कापणी आणि मळणी एकदम करणारी यंत्रे आली, आणि खळ्यासाठी राखलेला जमिनीचा तुकडा पिकाखाली गेला. त्याच्या जागी आपल्या जिल्ह्यात दुसरी एक इमारत उभी राहिली, ती म्हणजे हळदीचे शेड. परभणीतून निघून हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. त्यानंतरच्या वर्षांत वसमत, कळमनुरी, औंढा, सेनगाव आणि हिंगोली या पाचही तालुक्यांत हळदीने शिवाराचे रूप पालटले. वसमतच्या हळदीस २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. शिजविण्याचे कुकर, पॉलिशचे पिंप आणि कट्टे ठेवावयास पत्र्याची जागा ज्यांना करता आली त्यांनी ती केली. तेव्हा आजच्या शेतकऱ्याचे खळे कोणते असे कोणी विचारले, तर आम्ही या शेडकडे बोट दाखवू. तेथे लग्न लावावे असे एखाद्याच्या मनात आले, तर त्यात नवल नाही आणि कमीपणाही नाही.

अशीच लाट परदेशांतही येऊन गेली आहे. अमेरिकेत जुन्या शेतांवर गवत, धान्य आणि जनावरे एका छपराखाली ठेवण्यासाठी प्रचंड लाकडी कोठारे बांधीत. यंत्रे मोठी झाली, गवताचे गठ्ठे बाहेर राहू लागले, लहान दूधधंदे बंद पडत गेले आणि कोठारे ओस पडली. पुढे शहरातील तरुण जोडप्यांस तेथे लग्न लावण्याची हौस उत्पन्न झाली. आरंभी साधेपणा व काटकसर म्हणून निघालेली ही रीत थोड्याच वर्षांत एक महागडा धंदा होऊन बसली. कोठार भाड्याने देणारे शेतकरी सुधारले, हे खरे. परंतु पुष्कळ ठिकाणी गाण्याचा गोंगाट, मोटारींची गर्दी आणि आगीपासून बचावाचे नियम यांवरून शेजारी व स्थानिक कारभार यांच्याशी तंटेही झाले. आपल्याकडेही पुण्या-मुंबईच्या आसपास शेतघरांवर लग्ने लावण्याची टूम आली आहे. तेथील एका दिवसाचे भाडे ऐकून आपल्यापैकी पुष्कळांच्या भुवया वर जातील. यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. काटकसर जागेत नसते, ती करणाराच्या मनात असते. शेडमध्ये लग्न करावयाचे आणि शेड झाकावयास दोन लाखांची फुले आणि पडदे मागवावयाचे, यापेक्षा मंगल कार्यालय पुष्कळ स्वस्त.

आता खर्चाविषयी. शेतकरी कर्जबाजारी का, असे विचारताच 'लग्नात उधळतो म्हणून' असे उत्तर देणारे लोक आजचे नाहीत. १८७५ साली सुपे येथून दख्खनचे दंगे उसळले, तेव्हाही हेच बोलले गेले. परंतु त्या दंग्यांची चौकशी करण्यास नेमलेल्या मंडळाने मात्र, लग्नखर्चावर लोक अवास्तव भर देतात, असा प्रसंग कुळाच्या आयुष्यात क्वचित येतो आणि वर्षांच्या सरासरीने पाहता तो खर्च फारसा गैरवाजवी ठरत नाही, अशा आशयाचे मत नमूद केले. आम्हांस हे मत न्यायाचे वाटते. नापिकी, भाव आणि व्याज यांनी केलेली जखम लग्नाच्या माथी मारणे सोपे आहे, पण खरे नव्हे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापून साध्या व अल्प खर्चाच्या लग्नाची रीत घालून दिली, तीसुद्धा शेतकऱ्यास दोष देण्यासाठी नव्हे, त्यास सोडविण्यासाठी.

तथापि सरासरीचे गणित सरासरीपुरतेच खरे असते. खर्च वीस वर्षांत एकदा आला तरी तो एका दिवसात उभा करावा लागतो, आणि पीक हाती येण्यास तर नऊ महिने लागतात. समजा, एका सभासदाने लग्नासाठी ३,००,००० रुपये खाजगी सावकाराकडून दरमहा शेकडा ३ दराने उचलले. महिन्याचे व्याज ९,००० आणि वर्षाचे १,०८,००० रुपये झाले. हळद क्विंटलला १२,००० रुपये धरली, तर नऊ क्विंटल हळद नुसत्या व्याजात गेली आणि मुद्दल होते तेथेच राहिले. एकरी २० क्विंटल वाळलेला माल धरला, तर जवळजवळ अर्ध्या एकराची वर्षभराची मेहनत एका दिवसाच्या मांडवाखाली दरवर्षी पुरली जाते. भाव पडला म्हणजे तो अर्धा एकर पाऊण होतो. यातून जे संकट उद्भवते त्याची कल्पना घरातील मुलींस वडीलधाऱ्यांच्या आधी येते. २०१६ आणि २०१७ साली लातूर जिल्ह्यात शेतकऱ्यांच्या मुलींनी, आपल्या लग्नाच्या खर्चाचा भार बापावर पडू नये असे लिहून ठेवून, आपले आयुष्य संपविले. ही गोष्ट लिहिताना लेखणी अडखळते. ज्या समारंभाच्या धास्तीने मुलगी जीव देते, त्या समारंभास शोभा म्हणणे आम्हांस शक्य नाही.

म्हणून आखाड्यावरील लग्नास आमचा पाठिंबा आहे. परंतु तो सरसकट नाही. त्यात दोन अडचणी आहेत, आणि दोन्ही सभासदांनी मनात नीट घोळवाव्यात.

पहिली अडचण हंगामाची. लग्नाची दाट तिथी चैत्र-वैशाखात, आणि हळदीचा मालही त्याच दिवसांत शेडमध्ये. फाल्गुनापासून काढणी, शिजवण, सुकवण, पॉलिश हे सारे चालू असते. ओट्यावर हळद पसरलेली, शेडमध्ये कट्ट्यांची थप्पी, आणि त्याच जागी मांडव घालावयाचा तर माल बाहेर काढावा लागतो. आमच्या पाहण्यातील एका लग्नात असेच झाले. लग्नासाठी शेड मोकळे केले आणि कट्टे ताडपत्री घालून बाहेर रचले. सायंकाळी अवकाळी वारा सुटला, ताडपत्री उडाली आणि तासभर पाऊस पडला. मंगलाष्टके पत्र्याखाली पार पडली, परंतु वर्षभराचा माल भिजला. पुन्हा वाळविला तरी हळदीचा गेलेला रंग परत येत नाही, आणि बाजारात रंगावर भाव ठरतो. कार्यालयाच्या भाड्यात जे वाचविले होते त्याच्या कित्येक पट त्या एका तासात गेले. यजमानाने कोणास दोष दिला नाही. दोष देण्यासारखा कोणी नव्हताही.

यावर उपाय एकच, आणि तो आपल्या हातचा आहे. लग्न मार्गशीर्षात करावे. त्या सुमारास सोयाबीनची मळणी होऊन गेलेली असते, आणि ज्यास विकावयाचे असते त्याच्या हाती चार पैसे असतात. रब्बीची पेरणी आटोपलेली असते. विहिरीस पाणी असते. हळद अजून जमिनीत असते आणि शेड व ओटा रिकामे असतात. ऊन अंगास सुखावते. वैशाखात आपल्याकडे पारा ४२ अंशांच्या पलीकडे जातो. त्या दिवसांत दुपारच्या मुहूर्तावर हजार माणसे पत्र्याखाली बसविणे म्हणजे त्यांस भट्टीत घालणे होय. म्हाताऱ्यांस आणि तान्ह्या मुलांस ते जिवावर बेतते. शाळांस सुटी नसते आणि पुढे पौष आडवा येतो, असे आक्षेप येतील. पौष आडवा येतो म्हणूनच मार्गशीर्ष गाठावा, किंवा माघातील तिथी धरावी. सुटीचे म्हणाल, तर लग्न एका दिवसाचे ठेवले म्हणजे शाळा एकाच दिवसाची बुडते.

दुसरी अडचण घरातील स्त्रियांची आहे, आणि तिचा उच्चार पुरुषांच्या बैठकीत होत नाही. मंगल कार्यालयाने शेतकऱ्याचा खिसा कापला हे खरे, परंतु घरच्या बायकांच्या पाठीवरील ओझेही त्याच कार्यालयाने उतरविले. आखाड्यावर लग्न म्हणजे आठ दिवस आधीपासून झाडलोट, सारवण, निवडटिपण, पाणी, आणि लग्न झाल्यावर भांड्यांचा ढीग. हा भार पुन्हा त्यांच्याच माथी येणार असेल, तर त्या लग्नास काटकसरीचे म्हणता येणार नाही. ते दुसऱ्याच्या श्रमावर केलेले उधारीचे लग्न होय. ज्यास आखाड्यावर लग्न करावयाचे असेल त्याने आधी इर्जिक उभी करावी. झाडलोट, पाणी, मांडव आणि वाढप ही कामे भावकीच्या व मित्रमंडळींच्या पुरुषांनी नावे लावून वाटून घ्यावीत, आणि स्वयंपाकास आचारी मोलाने लावावा. एवढे मनुष्यबळ जमत नसेल तर खुशाल कार्यालय घ्यावे, आम्ही त्यास नावे ठेवणार नाही.

आता प्रत्यक्ष तयारीविषयी. ज्या जागेत आपण रोज वावरतो तिचे धोके आपल्या डोळ्यांस दिसत नाहीत. पाहुणा मात्र नवखा असतो, आणि पाहुण्यांतील मूल तर त्याहून नवखे. म्हणून पुढील गोष्टी तिथी धरण्यापूर्वीच पाहून घ्याव्यात.

सर्वांत आधी विषारी वस्तू. शेडच्या कोपऱ्यात कीटकनाशकांच्या बाटल्या, तणनाशकाचे डबे, फवारणीचे पंप आणि बीजप्रक्रियेची पाकिटे पडलेली असतात. ती सारी बाहेर नेऊन दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवावीत. रिकामी डबडी पाणी भरावयास कोणत्याही कारणाने देऊ नयेत. धान्यात किडीसाठी अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवल्या असतील, तर त्यांतून निघणारा वायू प्राणघातक असतो. अशी जागा जाणत्याकडून मोकळी करून, उरलेली भुकटी काढवून, दारे-खिडक्या उघड्या टाकून पुरेसे दिवस हवेशीर ठेवल्यावाचून तेथे माणसे बसवू नयेत. पाहुणे निजावयाचे असतील तर हा विचार दुप्पट करावा.

दुसरी गोष्ट विहीर आणि शेततळे. ४ एप्रिल २०२५ रोजी वसमत तालुक्यातील गुंज येथील शेतमजूर स्त्रिया कामास जात असताना नांदेड जिल्ह्यातील आलेगाव शिवारात ट्रॅक्टर विहिरीत कोसळला आणि सात जणी प्राणांस मुकल्या. त्या दुःखाची आठवण ज्या जिल्ह्यास आहे, त्याने तरी बिनकठड्याच्या विहिरीजवळ वाहने उभी करू नयेत. वऱ्हाड ट्रॉलीत भरून आणणे कायमचे बंद करावे. शेततळ्याच्या प्लास्टिकवर पाय घसरला म्हणजे पोहणारासही वर येता येत नाही. लग्नाच्या दिवशी तळ्यास चोहोबाजूंनी जाळी किंवा काटेरी कुंपण असावे, दोर व हवा भरलेली ट्यूब तेथे ठेवावी, आणि एक जबाबदार माणूस केवळ त्यासाठी बसवावा. तो माणूस पंगतीस शेवटी जेवला तरी चालेल.

तिसरी गोष्ट आग. कडब्याची गंजी, सोयाबीनचे कुटार आणि गोठ्यावरचे पाचट ही लग्नाची शत्रू आहेत. शोभेची दारू आखाड्यावर अजिबात उडवू नये, याविषयी आम्ही तडजोड जाणत नाही. भट्ट्या वाऱ्याच्या खालच्या अंगास आणि गंजीपासून दूर असाव्यात. पाण्याने भरलेली दोन पिंपे व वाळूच्या बादल्या जवळ असाव्यात. जनावरे आदल्या दिवशीच दुसऱ्या आखाड्यावर न्यावीत. वाजंत्री आणि दिवे यांनी बुजलेला बैल दावे तोडतो.

चौथी गोष्ट वीज. शेतीपंपाची वीज पाळीने येते, आणि ती पंपासाठी दिलेली असते. तिच्यावर मांडव उजळणे बेकायदा आहे आणि धोक्याचेही. विद्युत् कंपनीकडे तात्पुरत्या जोडणीचा अर्ज वेळेवर करावा, किंवा जनित्र भाड्याने आणावे. मांडवावरून विजेची तार जात असेल तर मांडव सरकवावा, कारण तार सरकत नाही. लोखंडी शेडमध्ये उघड्या जोडाची एकही वायर असू नये.

पाचवी गोष्ट पाणी, शौच आणि वाट. पिण्यास, हात धुण्यास आणि स्वयंपाकास मिळून माणशी दहा लिटर पाणी धरावे, असा आमचा अनुभव सांगतो. म्हणजे ५०० पानांस ५,००० लिटर झाले. विहिरीचे पाणी पिण्यास द्यावयाचे तर आधी तपासून व औषध टाकून घ्यावे. स्त्रियांसाठी आडोशाची आणि उजेडाची शौचकूपे असावीत. ही सोय करता येत नसेल तर आखाड्यावर लग्न करूच नये. वाहने मुरमाड जागी उभी करावीत. काळ्या जमिनीवर चार थेंब पडले की मोटारी रुततात आणि वऱ्हाड रात्रभर अडकून पडते. शिवाय जेथे शेकडो चाके फिरली ती जमीन दबून दगड होते. म्हणून पेरलेल्या किंवा लवकरच पेरावयाच्या शेतात गाड्या घेऊ नयेत.

सहावी गोष्ट जेवण आणि उष्टे. वरण, भात, पोळी, वांग्याची भाजी आणि बुंदी एवढ्या ताटावर आपल्या भागात कोणी उपाशी उठलेला आम्ही पाहिला नाही. दूध व खवा यांचे पदार्थ उकाड्यात टाळावेत. थर्माकोलच्या व एकदाच वापरावयाच्या प्लास्टिकच्या ताटल्यांस राज्यात २०१८ पासून बंदी आहे. ती बंदी कायद्यात आहे म्हणून नव्हे, तर ते तुकडे आपल्याच वावरात वर्षानुवर्षे नांगराला लागतात आणि आपल्याच गाईच्या पोटात जातात, म्हणून पाळावी. पळसाच्या पत्रावळी उकिरड्यात कुजून खत होतात. अक्षतांस तांदूळ उधळण्याऐवजी आपल्याकडे चालत आलेली रंगविलेली ज्वारी घ्यावी, तीही मूठभर.

आणि शेवटची गोष्ट गोंगाटाची. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात ध्वनिवर्धक लावण्यास २००० सालच्या नियमांनी मनाई आहे. हा नामदेवांच्या नरसीचा जिल्हा आहे. येथे टाळ-मृदंगाची वाण नाही. भाड्याच्या भिंतीएवढ्या कर्ण्यांनी छाती धडधडविण्यापेक्षा गावच्या भजनी मंडळास मानाने बोलवावे आणि त्यांस दक्षिणा द्यावी, हे आम्हांस अधिक शोभिवंत वाटते.

राहिला संघाच्या गोदामाचा प्रश्न. गोदाम हे सर्वांच्या मालाचे घर आहे, आणि ज्या घरात दुसऱ्याचा माल ठेवला आहे ते आपल्या कार्यासाठी मोकळे करण्याचा अधिकार कोणासही नाही. वाफ, ओल, तेलकट वास आणि अन्नाचे कण गोदामात शिरले की मागून उंदीर, भुंगे आणि बुरशी आलीच. म्हणून गोदामाची आतली जागा लग्नास देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. परंतु गोदामापुढील छताचा ओटा आणि त्यापुढचे अंगण यांची गोष्ट निराळी. तुळशीच्या लग्नापासून माघाअखेरपर्यंत, तेथे माल नसेल त्या दिवशी, ही जागा सभासदास द्यावी. फाल्गुन ते ज्येष्ठ या महिन्यांत ओटा हळदीचा आहे. तेव्हा तो अध्यक्षाच्या घरच्या कार्यासही मिळू नये.

या सवलतीस काही अटी जोडणे अवश्य आहे. भाडे नसावे. वीज, पाणी आणि झाडलोट यांचा प्रत्यक्ष खर्च तेवढा घ्यावा. अनामत रक्कम घ्यावी, आणि जागा पूर्ववत् स्वच्छ झाल्यावर ती परत करावी. ओटा सर्व जातींच्या सभासदांस, त्यांच्या सालगड्यांस आणि मजुरांस सारख्याच अटींवर मिळावा, आणि तेथे पंगत एकच बसावी. वधूचे वय १८ आणि वराचे २१ पूर्ण असल्याचा दाखला अर्जासोबत असावा. लग्नाची नोंदणी करण्याचे लेखी वचन घ्यावे. हुंडा घेणे-देणे १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे हे सर्वांस ठाऊक आहे. तेव्हा उभय पक्षांनी खर्च निम्मा-निम्मा करण्याची अट घातली तर तिला कोणी जुलूम म्हणू नये. जो मुलाचा बाप हा अर्धा खर्च द्यावयास तयार नसेल, त्याच्या घरी आपली मुलगी देताना आपण दोनदा विचार करावा, हे सांगावयास संघाची गरज नसावी.

एक सूचना अधिक. ओटा आयता मिळाला की पुढे कोणी तो कमाईचे साधन करावा असे सुचवील. शेतावर नित्याने भाड्याची कार्ये घेऊन उत्पन्न वाढवावे, असाही विचार काही तरुण सभासद बोलून दाखवितात. तो सर्वस्वी त्याज्य आहे असे आम्ही म्हणत नाही. राज्य शासनाने २०२० साली कृषी पर्यटनाचे धोरण स्वीकारले आहे, आणि ज्यांचे शेत मोठ्या रस्त्यालगत आहे त्यांनी त्याची चौकशी जरूर करावी. परंतु तो धंदा निराळा, त्याचे परवाने निराळे आणि त्याची जोखीमही निराळी. सभासदांच्या मुलींच्या लग्नाची सोय आणि भाड्याचा व्यापार ही दोन पोती एका थप्पीस लावू नयेत.

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' अशी आपल्यात म्हण आहे. दोहोंतही माणूस हिशेबाबाहेर जातो, असा तिचा अर्थ. आमची विनंती इतकीच, की हिशेबाबाहेर जाण्यापूर्वी घरात बसून, मुलीस समोर बसवून, कागदावर हिशेब मांडावा. किती पाने, किती पाणी, कोणता महिना, आणि या दिवसाचे देणे किती क्विंटलांनी फिटणार, हे तिच्यादेखत लिहावे. ज्या मुलीस बापाचा हिशेब ठाऊक असतो, ती त्या हिशेबाच्या भीतीने एकटी झुरत नाही. आणि पुष्कळदा तीच म्हणते, की मांडव आपल्या आखाड्यावरच पडू दे.

संघाच्या येत्या वार्षिक सभेपुढे ओट्याविषयीचा ठराव वरील अटींसह मांडावा, असे आम्ही सुचवितो. सभासदांनी आपले अनुकूल वा प्रतिकूल मत त्यापूर्वी लेखी कळवावे. विशेषतः घरातील स्त्रियांस विचारून कळवावे. तसे आलेले प्रत्येक पत्र आम्ही सभेपुढे वाचू.